पु.लं.ची पेटी कोणत्या मापानं मोजायची?

पु. ल. देशपांडे यांच्याविषयी चार मराठी माणसं बोलायला बसली की क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी 'व्यक्ती आणि वल्ली', मग 'बटाट्याची चाळ', मग कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली एखादी कोटी (ती त्यांची असेलच असं नाही), आणि अगदी उठता उठता कुणीतरी म्हणतं, पेटीही सुरेख वाजवायचे हो. सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. विनोदी लेखकाला एखादा गोड छंद असावा, तशी ही पेटी आपण त्यांच्या खात्यावर किरकोळ जमा म्हणून मांडून ठेवली आहे. माझं म्हणणं असं आहे की हा हिशेब चुकलेला आहे, आणि तो पु.लं.च्या वादनामुळे चुकलेला नाही. विसाव्या शतकात आपण हसण्याला आणि सुराला वेगवेगळ्या पंगतींत बसवलं. त्याच काळात पेटी या वाद्यालाही खालच्या पाटावर बसवण्यात आलं. एका माणसाच्या वाट्याला या दोन्ही उतरंडी एकदमच आल्या. म्हणून त्याची पेटी ऐकायची तर आधी या उतरंडी कशा रचल्या गेल्या ते पाहावं लागतं.

छत्रपती संभाजीनगरातून हा इतिहास जरा जास्त स्पष्ट दिसतो, कारण पैठण इथून अवघं पन्नासेक किलोमीटरवर आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी तिथं भारूड या प्रकाराला जे रूप दिलं, त्यात हसवणारा आणि गाणारा अशी दोन माणसं नव्हतीच. सोंगी भारुडात जोशी येतो, वासुदेव येतो, विंचू चावलेला माणूस तळमळत येतो. लोक पोट धरून हसतात आणि त्याच वेळी ठेका, चाल, टाळ आणि धृपद यांचं काम चालू असतं. सोंग काढणाऱ्याचा सूर कच्चा असेल तर हशा पिकत नाही, कारण भारुडातला विनोद चालीच्या वळणावर बसवलेला असतो. ओळ कुठं तोडायची, कुठला शब्द धृपदकऱ्यांच्या तोंडी टाकायचा, कुठं लय दुप्पट करायची, हे सगळं सांगीतिक कसब आहे. तरीही एखाद्या भारूडकऱ्याचा गळा हा त्याच्या विनोदाचा जोडधंदा आहे, असं मराठवाड्यातल्या खेड्यात आजही कुणी म्हणणार नाही. आपल्या शहरातलं उस्मानपुऱ्यातलं मोठं नाट्यगृह याच माणसाच्या नावानं उभं आहे, संत एकनाथ रंगमंदिर. विनोदी प्रयोगाच्या दिवशी आणि गाण्याच्या मैफलीच्या दिवशी तिथं येणारे प्रेक्षक मात्र आता निराळे असतात.

ही फारकत केव्हा झाली याची एकच तारीख देता येत नाही, पण दिशा सांगता येते. १९०१मध्ये पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंड्यांनी रागांची शिस्तशीर मांडणी हाती घेतली. गाणं कोठीतून आणि दरबारातून मध्यमवर्गीय घरात यायचं तर त्याला प्रतिष्ठा हवी होती, आणि प्रतिष्ठा म्हणजे गांभीर्य असं समीकरण बसत गेलं. ते बसणं त्या काळात अटळ होतं, त्यातून मिळालेलंही पुष्कळ आहे, म्हणून त्याबद्दल आज तक्रार करण्यात अर्थ नाही. मात्र त्याची एक किंमत होती. गाणारा माणूस हसवू लागला तर त्याचं गाणं पातळ समजलं जाऊ लागलं, आणि हसवणारा माणूस गाऊ-वाजवू लागला तर ते कौतुकापुरतं उरलं.

आता पेटीकडे. हे वाद्य आपलं नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबॅं यानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं, आणि १८७०च्या दशकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून बसणाऱ्याच्या हाताला जमेल अशी केली: उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. महाराष्ट्रात तिला खरं घर दिलं ते संगीत नाटकानं. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, म्हणजे १८८०पासून, पुढच्या पन्नास वर्षांत नाटक कंपन्यांच्या गाड्यांबरोबर पायपेटी आणि ऑर्गन गावोगाव हिंडले. त्यातूनच गोविंदराव टेंबे उभे राहिले. १९११च्या 'मानापमान'चं संगीत त्यांचं. ते नट, लेखक आणि भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात मुरलेले पेटीवादक. टेंब्यांच्या बोटांनी एक गोष्ट सिद्ध केली: गळ्यातलं गाणं पट्ट्यांवर उतरू शकतं, वाजवणाऱ्याच्या कानात ते आधी असलं तर. पुढं पी. मधुकर, विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे अशी एक स्वतंत्र परंपराच झाली. मराठवाड्याचाही तिच्यात मोठा वाटा आहे. अप्पा जळगावकर मूळचे जालन्याकडचे, आणि जालना १९८१पर्यंत आपल्याच, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होतं.

१९१९ साली जन्मलेले पु.ल. पार्ल्यात वाढले ते या परंपरेच्या ऐन भरात. लहानपणीच दत्तोपंत राजोपाध्यांकडे त्यांनी पेटीचे रीतसर धडे घेतले. 'रीतसर' यावर मुद्दाम भर देतो, कारण पु.ल. स्वतःविषयी लिहिताना शिक्षणाची टर उडवतात आणि वाचक ती टर खरी मानून चालतो. ज्या घरात बालगंधर्वांच्या पदांवर मुलं वाढत होती, त्या घरातला हा मुलगा पट्ट्यांवर शोधत होता ते बालगंधर्वांचं वळण. संगीत नाटकाच्या पेटीचा एक खास गुण असतो: ती लांबण लावत नाही. पदाचा मुखडा उचलायचा, नटाला सूर द्यायचा, दोन ओळींच्या मधली जागा अशी भरायची की प्रेक्षकांच्या लक्षात पद राहावं, पेटी नव्हे. पु.लं.च्या वादनाचा पिंड हा आहे. त्यांच्या ज्या ध्वनिमुद्रित मैफली उपलब्ध आहेत, त्यांत हे सहज ऐकू येतं.

आणि नेमक्या याच काळात वाद्यावर बंदी आली. १ मार्च १९४०पासून आकाशवाणीनं हार्मोनियम वर्ज्य ठरवली. तेव्हा लायनेल फील्डन प्रमुख होते. रवींद्रनाथांचाही या वाद्याला कडवा विरोध होता. आक्षेप तीन होते. सूर कायमचे ठरलेले, म्हणून श्रुती साधत नाहीत. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, म्हणून मींड नाही. आणि वाद्य परकं. यातल्या पहिल्या दोन आक्षेपांत तथ्य आहे. तिसऱ्याची गंमत अशी की तो घेतला गेला परकीय सरकारच्या रेडिओवर, इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. स्वातंत्र्यानंतरही बंदी उठली नाही. निजाम संस्थानचं औरंगाबादचं रेडिओ केंद्र १९५०मध्ये आकाशवाणीत विलीन झालं तेव्हा नव्या घराचे जे नियम त्याच्या वाट्याला आले, त्यांत हाही एक होता. १९७०च्या चर्चासत्रानंतर मोठ्या गायकांच्या साथीपुरती पेटीला परवानगी मिळाली. एकलवादनाला मात्र त्यानंतरही दीर्घकाळ दार बंदच राहिलं. या तीस वर्षांच्या मधोमध, १९५५मध्ये, पु.ल. आकाशवाणीत नोकरीला लागले आणि १९५९मध्ये दिल्लीत नव्या टेलिव्हिजनच्या कामात पडले. म्हणजे देशातला एक चांगला पेटीवादक देशाच्या ध्वनिक्षेपण संस्थेत अधिकारी होता, आणि त्याचं वाद्य त्या इमारतीत चालत नव्हतं. श्रुतिका लिहिणारे, बोलणारे पु.ल. रेडिओनं घरोघर पोचवले. पेटी वाजवणारे पु.ल. पोचवणं त्याच्या नियमांतच बसत नव्हतं. त्यांची पेटी आपल्याला 'किस्सा' म्हणूनच माहीत असण्यामागं हे साधं व्यवस्थात्मक कारण आहे. ज्या काळात कलावंताची सार्वजनिक ओळख रेडिओवर ठरत होती, त्या काळात पेटीवाल्याला ती मिळण्याची सोयच नव्हती.

आता त्या पहिल्या दोन आक्षेपांकडे जरा जवळून पाहू, कारण पेटीवादकाचं कसब तिथंच कळतं. सतारीची तार ओढली की सा आणि रे यांच्या मधला सगळा रस्ता ऐकू येतो. पेटीवर सा ही एक पट्टी आणि रे ही दुसरी, मध्ये काही नाही. गायक गंधारावरून षड्जाकडे सावकाश उतरत असेल तर पेटीवाल्यानं काय करायचं? अडाणी साथीदार पट्ट्या एकामागून एक दाबतो आणि गायकाच्या उतारावर पायऱ्या ठोकतो. जाणता साथीदार दोनच गोष्टी करतो. पहिला सूर सोडण्याआधी क्षणभर दुसरा त्याच्यावर चढवतो, म्हणजे कानाला जोड लागत नाही, आणि त्याच क्षणी डाव्या हातानं भात्याचा दाब कमी करतो, म्हणजे नवा सूर धक्क्यानं न येता मागून आल्यासारखा येतो. मधल्या कणस्वराला नुसता बोटाचा स्पर्श द्यायचा, बसायचं नाही. उजव्या हाताची तयारी वर्षभर घासून येते. डाव्या हाताची ही जाण कित्येकांना जन्मभर येत नाही. पु.लं.ची पेटी ऐकताना कान द्यावा तो भात्याकडे. ओळ संपताना ती कापली जात नाही, विरते. आणि दुसरी गोष्ट, ती गायकाच्या किंचित मागे असते. साथीची हीच मोठी अडचण आहे: पुढची जागा कुठली येणार हे गायकालाही घेईपर्यंत नक्की माहीत नसतं, साथीदारानं मात्र ती ऐकता ऐकता द्यायची. वसंतराव देशपांड्यांसारख्या गायकामागं हे करणं म्हणजे परीक्षाच, कारण वसंतराव सरळ रस्त्यानं जाणारे नव्हते. तान कुठून उठेल आणि कुठं मुरका मारून समेवर येईल, याचा नेम नसे. तिथं पु.ल. साथीला बसत, आणि ती साथ निभत असे.

पण साथ हा हवेत विरणारा पुरावा झाला. टिकणारा पुरावा हवा असेल तर चाली आहेत. १९५३ या एकाच वर्षातले दोन चित्रपट घ्या. 'देवबाप्पा'मध्ये गदिमांचे शब्द, आशा भोसले यांचा आवाज आणि पु.लं.ची चाल, 'नाच रे मोरा'. 'गुळाचा गणपती'मध्ये पुन्हा गदिमांचेच शब्द, पण आवाज भीमसेन जोशींचा, 'इंद्रायणी काठी'. पहिलं गाणं मराठी घरातलं पाच वर्षांचं पोर न शिकवता म्हणतं, आणि पेटी शिकणाऱ्याच्या बोटांना ते पहिल्या महिन्यात जमतं. ती चाल पट्ट्यांवरच सुचली असावी इतकी ती बोटांच्या सोयीची आहे. दुसरं गाणं भीमपलासाच्या अंगानं जातं आणि इतकं अभंगासारखं झालं आहे की ते चित्रपटासाठी लिहिलेलं आहे हे सांगितलं तर आजही लोक चमकतात. भीमसेनांनी ते नंतरही अनेक वर्षं मैफलींत गायलं. त्यांच्या दर्जाचा गायक एखादी चाल अशी जवळ बाळगतो तेव्हा ती चाल बांधणाऱ्याला दाखला द्यायला आणखी कुणाची गरज नसते. याखेरीज माणिक वर्मांचं 'कौसल्येचा राम' आहे, जितेंद्र अभिषेकींनी गायलेली पाडगावकरांची 'माझे जीवन गाणे' आणि 'शब्दावाचून कळले सारे' आहेत. शेवटच्या दोन गाण्यांत तर शब्द असे हळुवार ठेवले आहेत की विनोदी लेखकाची सावलीसुद्धा त्यांच्यावर पडत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो हौशीपणाचा. पु.लं.नी पेटीवर पोट भरलं नाही, रोजच्या रियाजाचा व्यवसाय केला नाही, मग त्यांना वादकांच्या पंगतीत का बसवायचं? या न्यायानं वसंतराव देशपांड्यांनाही उठवावं लागेल. त्यांनी कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली, आणि 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब रंगमंचावर आले ते १९६७मध्ये, त्यांच्या वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. पोटाची सोय कुठून होते यावरून सुराची प्रत ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ही दाद पेटीला नाही, नावाला आहे, दुसऱ्या कुणी हेच वाजवलं असतं तर कुणी विचारलं नसतं. यात अर्धं सत्य आहे. नावामुळे गर्दी नक्की होते. पण नावाचा फायदा फार तर पहिल्या रांगेपर्यंत चालतो, मंचावर चालत नाही. गायकाला अडचण होईल अशी साथ कुठलाही गायक दुसऱ्यांदा घेत नाही, मग साथीदार कितीही लाडका असो. आणि त्याच नावानं उलट नुकसानही केलं आहे, हे आपण विसरतो. पु.ल. पेटीपुढं बसले की निम्मा श्रोतृवर्ग आता काहीतरी गमतीचं होणार म्हणून सरसावून बसायचा. अशा श्रोत्यांपुढं नुसता सूर लावून दाखवणं हे अनोळखी वादकापेक्षा अवघड काम आहे.

हीच अडचण इंग्लंडमध्ये डडली मूर याची झाली. १९३५चा जन्म, ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात ऑर्गनवादनाची शिष्यवृत्ती, आणि १९६०च्या 'बियॉन्ड द फ्रिंज' या विनोदी प्रयोगानं एकदम प्रसिद्धी. त्या प्रयोगात तो एका सैनिकी शिट्टीच्या धुनेला बीथोवनच्या सोनाटाचं रूप द्यायचा, आणि तो सोनाटा काही केल्या संपायचाच नाही. लोक हसून लोळायचे. पण बीथोवन शेवट कसा करतो हे बोटांना पक्कं माहीत असल्याशिवाय तो शेवट लांबवण्याची थट्टा करता येत नाही. याच मूरनं स्वतःच्या त्रिकुटाबरोबर जॅझ पियानोच्या तबकड्या काढल्या. एरल गार्नर आणि ऑस्कर पीटरसन ही त्याची दैवतं. पुढं हॉलिवूडमध्ये 'आर्थर'सारखे चित्रपट गाजले आणि जग त्याला विनोदी नट म्हणूनच ओळखू लागलं. तरी एक फरक आहे. मूरचा पियानो दुकानात स्वतंत्र तबकडी म्हणून विकत मिळत होता, म्हणून जॅझच्या जाणकारांना तो त्यांच्या मापानं तोलता आला, काहींनी उणा ठरवला, काहींनी उचलून धरला. पु.लं.च्या पेटीला असा निवाडाच मिळाला नाही. तिच्यावर प्रेम झालं, टीका झाली नाही. कलावंताला टीका न मिळणं ही उपेक्षाच, फक्त गोड चेहऱ्याची.

काही अभ्यासू वाचक पेटीचा मान वाढवायला दुसरी वाट धरतात. ते म्हणतात, पु.लं.च्या विनोदातली लय पेटीतून आली. हे खरं असेलही. मी त्यात थोडी भर घालीन की लयीपेक्षा साथीची वृत्ती जास्त दिसते. 'व्यक्ती आणि वल्ली'तला निवेदक पाहा. अंतू बर्वा बोलतो, हरितात्या बोलतात, निवेदक पाऊलभर मागे राहून फक्त मधल्या जागा भरतो. पण पेटीचं मोल ती विनोदाच्या उपयोगी पडली म्हणून ठरवायचं झालं तर आपण पुन्हा त्याच उतरंडीवर येतो, फक्त एक पायरी वरून. आणि आपल्याच शहरातलं एक उदाहरण या युक्तिवादाच्या आड येतं. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' १९७९पासून गाजवलं. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली, 'बटाट्याच्या चाळी'नं रुळवलेला एकपात्री प्रयोग पार लंडनपर्यंत नेला, आणि हे सगळं मराठवाडी बोलीच्या हेलांवर. त्यांच्या लयीला कुठं उणं नव्हतं, आणि त्यासाठी त्यांना पेटीची गरज पडली नाही. तेव्हा विनोदाची लय पेटीवाचूनही येते, आणि पु.लं.ची पेटी विनोदावाचूनही उभी राहते. दोन्ही गोष्टी वेगळ्याच तोलायला हव्यात.

तशी तोलून माझा निवाडा देतो. एकलवादक म्हणून पु.लं.ना पी. मधुकर किंवा अप्पा जळगावकर यांच्या शेजारी बसवता येणार नाही. राग दीर्घकाळ मांडत नेण्याची, द्रुत लयीत बोटं स्वच्छ ठेवण्याची त्या दोघांची तयारी वेगळ्या दर्जाची होती, आणि तिच्यामागं आयुष्यभराची मेहनत होती. संगीत नाटक अकादमीनं पु.लं.ना १९६७मध्ये पुरस्कार दिला तो नाट्यलेखनासाठी, आणि २०००मध्ये अप्पांना दिला तो पेटीसाठी, हे वर्गीकरण म्हणून चुकीचं नाही. पण संगीत नाटकाच्या वळणाची पेटी, पदाला धरून चालणारी, गायकाला पुढं ठेवणारी, त्या शैलीत मात्र गोविंदरावांच्या नंतरच्या पिढीत पु.लं.ना पहिल्या चार-पाचांत जागा द्यावी लागेल. आणि पेटीपुढं बसून चाल बांधणाऱ्यांत तर त्याहूनही वर, सुधीर फडके आणि वसंत प्रभू यांच्या काळात असूनही. त्या दोघांनी केलेल्या कामाचा ढीग पु.लं.च्या कितीतरी पट मोठा आहे. पण पु.लं.च्या मोजक्या चालींतून टिकलेल्यांचं प्रमाण काढलं तर ते कुणाच्याही तोडीचं भरेल.